सांख्यिकीच्या घरात डायनासोर

गोदावरीच्या खोऱ्यात सापडलेला अजस्र डायनासोर कोलकात्यात उभा आहे, तोही चक्क आकडेमोड शिकवणाऱ्या संस्थेत. तो तिथे पोहोचला कसा, त्याची ही गोष्ट.

तुमची उंची किती? पाच फूट तीन इंच? पाच-सहा? आता कल्पना करा, तुमच्या शेजारी एक हाड उभं केलंय. एकच हाड, मांडीचं. लांबी १.७ मीटर, म्हणजे जवळपास पाच फूट सात इंच. आपल्यापैकी बरेच जण त्या हाडापुढे बुटके ठरतील.

हे हाड ज्याचं, त्याचं नाव बारापासॉरस. तो शाकाहारी, लांब मानेचा, चार खांबांसारख्या पायांवर चालणारा होता. आजच्या अंदाजानुसार लांबी साधारण १४ मीटर, म्हणजे एसटीच्या गाडीपेक्षाही जास्त. साधारण १७ ते १९ कोटी वर्षांपूर्वी तो गोदावरीच्या खोऱ्यात, आजच्या सिरोंचा परिसरात फिरत होता.

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर मी सहज विचारलं होतं, ‘डायनासोर म्हटलं की कुठली जागा आठवते?’ अमेरिका आली, अर्जेंटिना आलं, ‘ज्युरासिक पार्क’मधलं बेट आलं. गडचिरोली कुणीच म्हटलं नाही. खरं सांगायचं तर दोन महिन्यांपूर्वी मीही म्हटलं नसतं.

बारापासॉरसचा सांगाडा आज कोलकात्याच्या बरानगर भागात, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या म्हणजे आयएसआयच्या कॅम्पसवर, तिथल्या भूविज्ञान संग्रहालयात उभा आहे. स्टॅट्स आणि मॅथ्सची मुलं जिथली प्रवेश परीक्षा देतात, तीच ही संस्था. मग तिथे डायनासोर काय करतोय?

आकडेवाल्यांना हाडं कशाला?

त्यासाठी आधी प्रशांतचंद्र महालनोबिस यांना भेटावं लागेल. मूळचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी एक छोटी सांख्यिकी प्रयोगशाळा सुरू केली आणि १९३१ मध्ये तिच्यातूनच आयएसआय उभी राहिली. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेशी त्यांचं नाव जोडलेलं आहे, हे आपण अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाचतो. डेटा सायन्स शिकणाऱ्यांना ‘महालनोबिस डिस्टन्स’ माहीत असेल. गंमत म्हणजे हे सूत्र जन्माला आलं ते माणसांच्या शरीराची आणि डोक्यांची मापं एकमेकांशी ताडून पाहण्याच्या कामातून. म्हणजे हाडांशी या संस्थेचं नातं तसं जुनंच.

सांख्यिकी हा एका कोपऱ्यात बसून करायचा विषय नाही, इतर सगळ्या विज्ञानांच्या सोबत राहूनच तो वाढेल, असं महालनोबिस यांचं मत होतं. म्हणून त्यांनी संस्थेत वेगवेगळ्या विषयांची माणसं गोळा केली. प्रसिद्ध ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये लंडन सोडून इथेच आले. त्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एक संशोधक, पॅमेला लॅम्प्लू रॉबिन्सन, आयएसआयच्या पाहुण्या म्हणून भारतात आल्या आणि संस्थेत भूविज्ञानाचा विभाग सुरू झाला.

रॉबिन्सनबाईंचा प्रवासही सरळ रेषेतला नव्हता. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी दारूगोळ्याच्या कारखान्यात काम केलं. मग लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या ग्रंथालयात नोकरी केली. त्यानंतर कुठे त्या कॉलेजात दाखल झाल्या आणि प्राचीन सरीसृपांच्या अभ्यासाकडे वळल्या. ‘बारावीनंतर एक वर्ष गेलं, आता काय होणार’ म्हणून रडणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

त्यांचं म्हणणं होतं की भारतात जमिनीवरच्या प्राचीन प्राण्यांचा खजिना आहे, पण तो शोधायचा तर नीट फील्डवर्क हवं. त्यासाठी त्यांनी बोट ठेवलं प्राणहिता-गोदावरी खोऱ्यावर. सोबतीला होते सोहनलाल जैन, टी. एस. कुट्टी, तपन रॉय चौधरी, शंकर चॅटर्जी यांच्यासारखे तेव्हाचे तरुण संशोधक.

हेच खोरं का?

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या कातळाचा आहे. सह्याद्रीत ट्रेकला जाता तेव्हा पायाखाली असतो तोच बेसॉल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचले आणि त्याच्या खालचं सगळं झाकलं गेलं. पुण्या-नाशिककडे डायनासोर सापडत नाहीत याचं एक मोठं कारण हेच.

चंद्रपूर-गडचिरोलीकडे मात्र बराच भाग या चादरीबाहेर राहिला. तिथे आणि नदीपलीकडच्या तेलंगणात जुन्या नद्यांनी आणि तळ्यांनी आणून टाकलेला गाळ दगड होऊन उघडा पडलेला आहे. या थरांना गावांची नावं आहेत. तेलंगणातल्या मालेरीवरून मालेरी, धर्मारामवरून धर्माराम आणि सिरोंचा तालुक्यातल्या कोटा गावावरून कोटा. खालून वर या क्रमाने हे थर वाचत गेलं की डायनासोर लहानसे होते तिथपासून ते महाकाय झाले तिथपर्यंतचा काळ एकाच खोऱ्यात भेटतो. या सगळ्या खडकांना एकत्रितपणे गोंडवाना म्हणतात. हे नाव आलं गोंडांच्या प्रदेशावरून, आणि पुढे ते एका अख्ख्या प्राचीन महाखंडाला मिळालं.

इथे हाडं आहेत हे शोधणारे रॉबिन्सन पहिल्या नव्हत्या. त्यांच्या शंभर वर्षं आधी नागपुरात राहणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप या भागात दगड आणि जीवाश्म गोळा करत फिरले होते. हो, नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे, तेच. १८६३ मध्ये नागपूरजवळ पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. मगरीसारखं तोंड असलेल्या एका प्राचीन सरीसृपाला पुढे त्यांचं नाव मिळालं, पॅरासुकस हिस्लॉपी.

आयएसआयच्या चमूला मालेरीच्या थरात याच पॅरासुकसचे सांगाडे सापडले. त्यांच्या पोटाच्या जागी आणखी एका लहान सरीसृपाची हाडं होती. म्हणजे शेवटचं जेवण! त्या लहान प्राण्याला शंकर चॅटर्जींनी आपल्या गुरूंचं नाव दिलं, मालेरिसॉरस रॉबिन्सोनी. थोडक्यात, हिस्लॉपसाहेबांच्या पोटात रॉबिन्सनबाई. विज्ञानाला विनोदबुद्धी नसते असं कोण म्हणतं?

‘बडा पा’ म्हणजे मोठा पाय

बारापासॉरसची पहिली हाडं १९५८ मध्ये दिसली. मोठं उत्खनन झालं ते १९६० आणि १९६१ मध्ये. हाडं निघाली सुमारे ३००, आणि ती एका प्राण्याची नव्हती. किमान सहा डायनासोर तिथे एकत्र गाडले गेले होते. त्यांच्यासोबत झाडांचे मोठमोठे दगड झालेले ओंडकेही होते. त्यावरून अभ्यासकांनी अंदाज बांधला की मोठा पूर आला असावा, त्यात कळप सापडला आणि झाडांसकट वाहत येऊन एका जागी अडकला.

असा अंदाज बांधता येतो तो नीट खोदकाम केलं तरच. जीवाश्म दगडासारखा दिसला तरी ठिसूळ असतो. आजूबाजूचा दगड छिन्नीने, मग ब्रशने हळूहळू काढायचा. कुठलं हाड कुठे, कुठल्या दिशेला पडलंय हे नकाशावर टिपायचं. मग ओला कागद लावून त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळायच्या. हात मोडल्यावर प्लास्टर घालतात ना, अगदी तसंच. ते वाळलं की उलटं करून खालच्या बाजूलाही तेच. एवढं सगळं केल्यावर हाड हलवायचं आणि प्रयोगशाळेत नेऊन पुन्हा सोडवत बसायचं. पाच फूट सात इंचांच्या हाडाला हे सगळं करायचं म्हणजे काय, याचा विचार करा.

नाव ठेवताना बंगाली कामी आली. ‘बडा’ म्हणजे मोठा, ‘पा’ म्हणजे पाय. इंग्रजी स्पेलिंगच्या वाटेने तो ‘बारापा’ झाला. पुढचं नाव ‘टागोराय’. उत्खनन झालं ते १९६१ हे रवींद्रनाथ ठाकुरांचं जन्मशताब्दी वर्ष होतं आणि महालनोबिस हे रवींद्रनाथांच्या अगदी जवळच्या माणसांपैकी. जगात कवीच्या नावाचे डायनासोर फार नसतील.

शोधाची पहिली छोटी बातमी ‘नेचर’मध्ये १९६२ साली आली. प्राण्याला अधिकृत नाव मिळालं १९७५ मध्ये, जैन, कुट्टी, रॉय चौधरी आणि चॅटर्जी यांच्या शोधनिबंधात. तोपर्यंत महालनोबिस हयात नव्हते. १९७२ मध्येच ते गेले. हाडांचं पूर्ण, सविस्तर वर्णन छापून आलं ते तर २०१० मध्ये. पहिलं हाड दिसल्यापासून ५२ वर्षांनी!

आपल्याकडे प्रोजेक्टचं सबमिशन एका आठवड्याने पुढे ढकललं तरी केवढा गोंधळ होतो. इथे एका डायनासोरचा प्रोजेक्ट अर्धं शतक चालला. त्याची कवटी आजही मिळालेली नाही. मिळाले ते काही सुटे दात. म्हणजे त्याचं डोकं कसं होतं, हे अजून अंदाजानेच ठरवायचं आहे.

हरवलेला डायनासोर

या सगळ्यात म्युझियमचं काम काय? सांगाडा उभा करायचा, लोकांनी सेल्फी काढायच्या, एवढंच? तसं वाटत असेल तर ही दुसरी गोष्ट ऐका.

१८२८ मध्ये जबलपूरला कॅप्टन विल्यम स्लीमन यांना डायनासोरची हाडं मिळाली. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून इतिहासात येतो, तोच हा स्लीमन. ‘डायनासोर’ हा शब्दसुद्धा तेव्हा जन्मला नव्हता. तो आला १८४२ मध्ये. ही हाडं हातोहात फिरत कोलकात्याला पोहोचली. १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी त्यांना टायटॅनोसॉरस इंडिकस असं नाव दिलं. भारतातला नाव मिळालेला हा पहिला डायनासोर. आणि मग तो हरवला. पुस्तकात नाव होतं, चित्र होतं, पण मूळ हाड कुठे आहे हे सांगता येईना. अनेक दशकांनी, २०१२ मध्ये, भूवैज्ञानिक धनंजय मोहबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शेपटीचा तो मणका कोलकात्यातच, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा मिळाला. म्हणजे तो जमिनीतून एकदा शोधावा लागला आणि संग्रहातून दुसऱ्यांदा.

मूळ हाड हातात नसेल तर जुन्या संशोधकाने लिहिलेलं बरोबर की चूक, हे नव्याने तपासता येत नाही. आज सीटी स्कॅन आहे, सूक्ष्मदर्शकाखाली हाडाचा पातळ काप बघून प्राणी कसा वाढला हे सांगता येतं. १९६१ मध्ये हे काहीच हाताशी नव्हतं. पण हाडं नंबर घालून, जागा लिहून ठेवलेली असली की पन्नास वर्षांनंतरचा विद्यार्थी त्यांना नवे प्रश्न विचारू शकतो. संग्रहालयाची खरी कमाई ही आहे. ते उत्तरं मांडून ठेवतंच, पण ज्यांना प्रश्न पडायचे आहेत त्यांच्यासाठी सामानही जपून ठेवतं.

चंद्रपूरचा ‘आयएसआय’

संस्थेचं काम बारापासॉरसवर थांबलं नाही. १९८० च्या दशकात सोहनलाल जैन चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याजवळच्या डोंगरगावला पोहोचले. तिथल्या टेकडीत त्यांना एका लांब मानेच्या डायनासोरचा बऱ्यापैकी एकसंध सांगाडा मिळाला. भारतात हे फार दुर्मीळ, कारण आपल्याकडे बहुतेक वेळा सुटी हाडंच हाती लागतात. हा बारापासॉरसपेक्षा कितीतरी नंतरचा, डायनासोरांच्या अगदी शेवटच्या दिवसांतला. १९९७ मध्ये जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी त्याचं वर्णन केलं. २००३ मध्ये त्याला स्वतंत्र गटात टाकताना नाव मिळालं, आयसिसॉरस. यातला ‘आयसी’ म्हणजे आयएसआय, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट. जन्म चंद्रपूरचा, नाव कोलकात्याच्या संस्थेचं.

त्याच परिसरातलं पिसदुरा हे गाव तर जगभरातल्या अभ्यासकांना माहीत आहे. कशासाठी? डायनासोरच्या काळातल्या दगड झालेल्या शेणासाठी! हसू नका. २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शेणात गवताचे अतिसूक्ष्म अंश दाखवले. डायनासोरांच्या काळात गवत होतं आणि ते खाल्लं जात होतं, हे त्यातून कळलं. त्याआधी गवत डायनासोरांनंतरच आलं, असं समजलं जायचं.

प्रधानांचा डायनासोर

हे सगळं वाचताना मला सगळ्यात आवडलं ते एक नाव. २००७ मध्ये कुट्टी, चॅटर्जी आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी धर्मारामच्या थरातल्या दोन डायनासोरांना नावं दिली. एक लॅम्प्लूसॉरा, पॅमेला लॅम्प्लू रॉबिन्सन यांच्या आठवणीत. त्या १९९४ मध्ये वारल्या होत्या. आणि दुसरा, प्रधानिया.

हे प्रधान कोण? धुइया प्रधान. मंत्री नाहीत, देणगीदार नाहीत. आयएसआयसाठी जीवाश्म शोधणारे आणि गोळा करणारे कार्यकर्ते. उन्हात मैलोन्‌मैल चालायचं, नजर जमिनीवर ठेवायची आणि दगडांच्या पसाऱ्यातून हाडाचा तुकडा वेगळा ओळखायचा, हे त्या कामाचं स्वरूप. शोधनिबंधाच्या पहिल्या पानावर अशा माणसांची नावं क्वचितच येतात. इथे मात्र एका अख्ख्या डायनासोरला त्यांचं नाव मिळालं, आणि ते आता कुणी पुसू शकणार नाही.

एखादी संस्था आपल्या माणसांना कशी वागवते हे तिच्या भिंतीवरच्या फोटोंवरून कळतं म्हणतात. आयएसआयच्या बाबतीत ते तिच्या जीवाश्मांच्या नावांवरून कळतं. तिथे संचालक आहेत, पाहुण्या संशोधक आहेत, कवी आहे आणि जमिनीवर वाकून हाडं वेचणारा माणूसही आहे.

मग आपलं काय?

‘आमच्या भागातली हाडं कोलकात्याला का?’ असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. पण आता वाटतं, प्रश्न थोडा बदलायला हवा. ती तिथे गेली म्हणून टिकली, अभ्यासली गेली. आज सिरोंचा तालुक्यात वडधमला वनविभागाचं जीवाश्म उद्यान आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण जीवाश्म जिथे आहेत तिथली मुलं त्यांचा अभ्यास करायला कधी लागणार, हा खरा प्रश्न आहे. भूविज्ञान म्हणजे फक्त खाणी आणि सिमेंट नाही. आपल्याकडच्या कॉलेजांमध्ये तो विषय आहे, त्यात जीवाश्मशास्त्रही आहे. प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राच्या मुलांनाही या वाटेने जाता येतं. आणि स्टॅट्सवाल्यांनो, तुम्हाला तर आता कारणच उरलं नाही!

कधी फिरताना दगडात हाडासारखं, शिंपल्यासारखं काही दिसलं तर उकरू नका, घरी आणू नका. जागेवरून उचललेल्या जीवाश्माची अर्धी गोष्ट तिथेच राहते. शेजारी पेन ठेवून फोटो काढा, म्हणजे आकार कळेल. मोबाइलवर लोकेशन सेव्ह करा आणि जवळच्या कॉलेजच्या भूविज्ञान विभागाला कळवा.

बारापासॉरसचं डोकं अजून कुठेतरी त्या खोऱ्यातच असेल. कदाचित पुराने दूर नेलं असेल, कदाचित कोटाच्या थरात हातभर खाली असेल. ते कुणाच्या तरी नजरेला पडायचं बाकी आहे.

चौकट : नावांची हजेरी

आयएसआयशी नातं सांगणारे काही प्राचीन प्राणी :

• एक्झेरेटोडॉन स्टॅटिस्टिकी – सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांचा नातेवाईक. नाव संस्थेवरून, म्हणजेच चक्क स्टॅटिस्टिक्सवरून!

• एंडोथायोडॉन महालनोबिसी – डायनासोरांच्याही आधीचा शाकाहारी प्राणी. नाव संस्थापकांचं.

• जैनोसॉरस – मूळ हाडं जबलपूरची, नाव सोहनलाल जैन यांच्या सन्मानार्थ.

• आयसिसॉरस कोल्बर्टी – डोंगरगावचा. पुढचं नाव अमेरिकन डायनासोरतज्ज्ञ एडविन कोल्बर्ट यांचं.

• जाकलापल्लीसॉरस – नाव गावाचं. माणसांसोबत गावांनाही या यादीत जागा आहे.